एंजल माशांची जोडी : हे भांडण समजावे की प्रियाराधन?

शिंपला

नमस्कार मंडळी. आमच्या दादरच्या घरी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी आहे आणि तीत सहा एंजल मासे आहेत. रुपयाच्या नाण्याएवढे असताना आणले होते, ते आता पूर्ण वाढले आहेत. आजवर सहाही जण गुण्यागोविंदाने राहत होते. अलीकडे मात्र त्यांतील दोघांनी टाकीचा उजवा अर्धा भाग बळकावला असून उरलेल्या चौघांना ते डावीकडच्या वनस्पतींमागून बाहेर पडू देत नाहीत.

एवढेच असते तर जोडी जमली असे समजून मी आनंद मानला असता. परंतु हे दोघे आपापसांतही झुंजतात. समोरासमोर येतात, ओठांत ओठ अडकवतात आणि एकमेकांना मागेपुढे ओढत राहतात. एकाच्या वरच्या ओठाचे कातडे किंचित सोललेले दिसते. सौ.च्या मते हे सरळसरळ भांडण आहे आणि दोघांना तत्काळ वेगळे करावे. कन्येच्या मते हे लग्न ठरल्याचे लक्षण आहे आणि कोणीही मध्ये पडू नये. जाणकारांनी सांगावे की हे नेमके काय आहे, आणि वेगळे करायचेच झाले तर कोणाला कोणापासून करावे.

पार्लेकर

तत्काळ वेगळे करा. ओठ सोलला आहे म्हणजे पुढे त्यावर कापसासारखी बुरशी धरण्याची भीती आहे, आणि तोंडाला जखम झालेला मासा खाणे सोडतो. नंतर हळहळण्यात अर्थ नसतो.

जलपर्णी

पार्लेकर, मी असहमत आहे. ओठ अडकवणे एंजलांमध्ये दोन्ही प्रसंगी दिसते, त्यामुळे केवळ त्यावरून निर्णय होत नाही. ओठ सुटल्यानंतरच्या काही क्षणांत काय घडते, ते पाहावे लागते.

खरे भांडण असेल तर त्याला शेवट असतो. हरणारा मासा अंगावरचे सर्व पर मिटून घेतो, त्याचे काळे पट्टे फिके पडतात, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात तोंड वर करून तिरपा उभा राहतो. जिंकणारा तेथेही त्याच्या मागे जातो. याउलट, जोडी जमत असेल तर ओठ सुटल्यावर कोणीच पळत नाही. दोघे पर उभारलेलेच ठेवून शेजारी शेजारी येतात, एकमेकांच्या बाजूने शेपटीचे फटके मारतात (त्या फटक्याने पाण्यात जो दाब निर्माण होतो, तो समोरच्याला अंगाच्या बाजूवरील संवेदनरेषेतून जाणवतो, आणि समोरचा किती ताकदीचा आहे याचा अंदाज त्याला बहुधा त्यावरून येतो), आणि मग दोघे मिळून एखाद्या उभ्या पृष्ठभागाकडे वळतात. रुंद पान, फिल्टरचा पाइप, हीटर, टाकीची काच, काहीही चालते. त्या जागेवर ते तोंडाने टोचे मारू लागले, की अंडी घालण्यासाठी साफसफाई चालू झाली असे समजावे. मधूनच डोके हलवत अंग थरथरवणे हेही एक लक्षण आहे.

आपण एवढेच सांगा, की हे दोघे एखादी जागा घासताना दिसतात का?

बांगडा_फ्राय

आमच्या घरी मासे एकत्र येतात ते फक्त तव्यावर, आणि तेथे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. तरीही धागा आवडीने वाचत आहे.

शिंपला

जलपर्णीताई, आपण लिहिल्यावर आज टाकीसमोर खुर्ची टाकून बसलो. ओठ सुटल्यावर पळत कोणीच नाही. दोघेही फिल्टरच्या हिरव्या पाइपाजवळ जातात आणि त्यावर टोचे मारतात. शेवाळ खात असावेत असा माझा समज होता, पण पाइप आधीच लख्ख झाला आहे.

निवृत्त_मास्तर

मग प्रश्नाचा अर्धा भाग सुटला आहे. तरीही "भांडण की प्रियाराधन" या मांडणीबद्दल थोडे लिहावेसे वाटते, कारण या दोहोंच्या मध्ये आपण समजतो तेवढी जाड भिंत नसते.

निको टिनबर्गन यांनी काटेमासा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युरोपातील स्टिकलबॅक या लहान माशावर जे काम केले, ते जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. विणीच्या काळात नराचे पोट लाल होते, आणि आपल्या हद्दीत दुसरा लाल पोटाचा नर दिसला की तो त्याच्यावर धावून जातो. टिनबर्गन यांनी माशाचा आकारही धड नसलेल्या, पण खालची बाजू लाल रंगवलेल्या प्रतिकृती पाण्यात सोडल्या, तर नराने त्यांच्यावरही हल्ला केला. लायडनमधील प्रयोगशाळेच्या खिडकीशी ठेवलेल्या टाक्यांतील नर रस्त्यावरून टपालखात्याची लाल गाडी गेली की तिच्या दिशेने धावत, असेही त्यांनी नोंदवले आहे. हाच नर, अंड्यांनी पोट फुगलेली मादी दिसली की नागमोडी नृत्य करतो: एक झेप मादीच्या दिशेने, एक झेप घरट्याच्या दिशेने. टिनबर्गन यांनी याचा लावलेला अर्थ असा, की मादीकडे घेतलेली झेप हा अर्धवट रोखलेला हल्ला असतो आणि घरट्याकडची झेप हे आमंत्रण असते. म्हणजे एकाच नृत्यात दोन्ही प्रेरणा आलटून पालटून प्रकट होतात. या आणि अशा अभ्यासाबद्दल टिनबर्गन, कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश या तिघांना १९७३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिक्लिड कुळातील माशांच्या बाबतीत, आणि एंजल त्याच कुळातला आहे, ही गोष्ट अधिकच लागू पडते. आपली हद्द राखणाऱ्या माशासमोर येणारा प्रत्येक जण आधी घुसखोर असतो. मादीने त्या हल्ल्यासमोर टिकून राहायचे, पळायचे नाही आणि उलट वरचढही व्हायचे नाही, तेव्हा कुठे जोडी जमते. शिंपला यांच्या टाकीत चाललेली ओढाओढ ही एक प्रकारची परीक्षा आहे, आणि तिच्यात ओठ सोलणे अगदीच नवलाचे नाही.

पार्लेकर

मास्तर, माहिती उत्तम आहे, परंतु स्टिकलबॅक समुद्रात आणि नद्यांत राहतो, त्याला पळायला जागा असते. दीड फूट रुंदीच्या टाकीत हरणारा मासा पळून पळून जाणार कोठे? ज्या परीक्षेतून उठून जाता येत नाही, तिला परीक्षा म्हणणे मला पटत नाही.

निवृत्त_मास्तर

आपला मुद्दा रास्त आहे. काचेच्या पेटीतले भांडण निसर्गातल्यापेक्षा अधिक जीवघेणे ठरते ते याच कारणाने, कारण शरणागतीची खूण करूनही हरलेला मासा जिंकणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो.

खारफुटी

म्हणूनच माझे मत असे, की त्या दोघांना एकत्र राहू द्यावे आणि उरलेल्या चौघांना काढावे. चौघे जण रात्रंदिवस भेदरून एका कोपऱ्यात राहतात, ही त्यांची शिक्षा कशासाठी?

चाळकरी

थांबा, खारफुटी. माझ्या अनुभवात नेमका याच पायरीवर घोळ होतो. आमच्याकडे कॉन्व्हिक्ट सिक्लिडांची जोडी होती (मध्य अमेरिकेतला राखाडी, काळ्या पट्ट्यांचा मासा, मादीच्या पोटावर नारिंगी झळक असते). बाकीचे मासे मित्राला दिले आणि जोडीला स्वतंत्र टाकी दिली. शेजारी संपताच नराने आपला सगळा जोर मादीवर काढायला सुरुवात केली. लॉरेन्झ यांनी सिक्लिडांबद्दल हेच मांडले होते, की जोडीतला नर आपला राग शेजाऱ्यावर वळवतो आणि शेजारी नसेल तर तो जोडीदारावर येतो. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातले जुने विक्रेते याचे कोणतेही शास्त्र न वाचता "जोडीसोबत एक मार खाणारा ठेवा" असे सांगत असत.

खारफुटी

"मार खाणारा" ठेवायचा, म्हणजे एका जिवाच्या संसारासाठी दुसऱ्याला रोज सोलून घ्यायचे. छंद म्हणून मला हे मान्य नाही, मग ते कोणीही मांडलेले असो.

जलपर्णी

दोघांचेही समाधान होईल असा उपाय आहे. टाकीच्या मधोमध स्वच्छ पारदर्शक काच उभी करावी. एका बाजूला जोडी, दुसऱ्या बाजूला चौघे. जोडीला शेजारी दिसतात, त्यांच्याकडे बघून पर फुलवता येतात, काचेवर धडका देता येतात, आणि दुखापत मात्र कोणालाच होत नाही. सुरुवातीला धडका फार असतात, पुढे त्या कमी होतात. काच अपारदर्शक असू नये, नाहीतर चाळकरींनी सांगितला तोच प्रकार होईल.

जोडीला एकमेकांपासून तोडण्याबाबत मात्र एक गोष्ट सांगते. फ्रान्समधील संशोधकांनी २०१९ साली याच कॉन्व्हिक्ट माशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या डबीत खाऊ असतो तिचे झाकण एका रंगाचे आणि जी रिकामी असते तिचे दुसऱ्या रंगाचे, हे त्यांनी माद्यांना शिकवले. नंतर दोहोंच्या मधल्या रंगाचे झाकण ठेवले. ज्या मादीने स्वतः निवडलेला नर काढून घेतला होता, ती मधल्या रंगाच्या डबीकडे जायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेऊ लागली. संशोधकांच्या मते हे निराशावादी वृत्तीचे लक्षण आहे. मासा आहे, त्याला काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

बांगडा_फ्राय

आमच्या मोठ्या काकांनी हे वाचले तर पापलेटावर रुसतील. कृपया असे प्रयोग खाण्याच्या माशांवर होऊ देऊ नयेत.

गोरेगावकर_आजी

आमच्या दिवाणखान्यात चुंबन घेणाऱ्या गौरामींची टाकी आहे. लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी भेट दिली. येणारा प्रत्येक पाहुणा "किती प्रेम आहे हो" म्हणतो. या धाग्यावरून शंका आली म्हणून विचारते, ते प्रेमच आहे ना?

निवृत्त_मास्तर

आजी, आपला हिरमोड करणे जिवावर येते, पण ते चुंबन म्हणजे ताकदीची आजमावणी आहे. दोन नर तसे करतात, दोन माद्याही करतात. त्या जाड ओठांचा मूळ उपयोग दगडावरचे आणि पानांवरचे शेवाळ खरवडून खाण्यासाठी असतो. भांडताना तेच ओठ एकमेकांवर टेकवून रेटारेटी चालते आणि जो आधी मागे सरतो तो हरतो. बहुतेक वेळा इजा होत नाही, मात्र त्यांतला एक सतत हरत असेल तर तो खंगत जातो, एवढे पाहावे.

गोरेगावकर_आजी

म्हणजे मुलांनी भेट विचारपूर्वकच दिली म्हणायची. पाहुण्यांना मात्र मी काहीही सांगणार नाही.

चेंबूरचा_फायटरवाला

भांडण आणि प्रियाराधन यांची सरमिसळ पाहायची तर फायटर माशाला तोड नाही. थायलंडने २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. मी त्याची वीण काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टाकीत पाच-सहा इंचच पाणी ठेवावे. तपमान २७ अंशांच्या आसपास हवे, जे मुंबईत वर्षाचा बराच काळ आपोआप मिळते. रस्त्याकडेच्या जंगली बदामाचे गळून वाळलेले पान धुऊन पाण्यात टाकावे. पाणी चहाच्या रंगाचे होते आणि त्या पानाच्या खालच्या बाजूला नर घरटे बांधतो. घरटे म्हणजे तोंडातल्या चिकट लाळेने आवळलेले हवेचे बुडबुडे. मादीला प्रथम कंदिलाच्या काचेत उभी ठेवतो, म्हणजे नराला ती दिसते पण त्याला तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तो कल्ल्यांची झाकणे उघडून सगळे पर ताणतो. दुसऱ्या नरासमोर तो करतो तेच अगदी तसेच येथेही करतो, त्यामुळे नवख्या माणसाला फरक कळत नाही. फरक मादीत पाहावा. तिची तयारी असेल तर तिच्या अंगावर फिकट उभे पट्टे उमटतात आणि ती डोके खाली करून सामोरी राहते. आडवे पट्टे उमटले तर ती घाबरली आहे, आणि त्या दिवशी काच काढू नये.

काच काढल्यावरही पहिले काही तास तिला मार बसतोच. परांच्या कडा फाटतात. लपायला पानांचा झुबका ठेवलाच पाहिजे. मग केव्हातरी ती आपणहून घरट्याखाली येते आणि नर तिच्याभोवती अंगाचा वेढा घालतो. पहिले काही वेढे निष्फळ जातात. नंतरच्या वेढ्यात दोघे क्षणभर ताठ होतात, वेढा सुटतो, मादी कुशीवर निश्चेष्ट तरंगते आणि पांढरे बारीक दाणे खाली गळू लागतात. नर झपकन खाली जातो, एकेक दाणा तोंडात वेचतो आणि वर येऊन बुडबुड्यांत फुंकून बसवतो. वेढे असेच चालू राहतात. अंडी संपताच तो मादीला पुन्हा शत्रू मानतो, कारण ती अंडी खाऊ शकते. त्याच वेळी तिला बाहेर काढावे. दीड दिवसाच्या आत अंडी फुटतात, पिल्ले शेपटी खाली करून लटकतात, आणि गळून पडलेल्या प्रत्येकाला बाप उचलून परत ठेवतो. पिल्ले आडवी पोहू लागली की बापालाही काढावे.

ओहोटी

दुकानात फायटरला आरसा दाखवून फुलवतात. घरी रोज दाखवला तर चालतो का? आणि माझ्या महाविद्यालयातील एकाने गंमत म्हणून दोन नर एका बरणीत सोडले होते.

चेंबूरचा_फायटरवाला

आरसा एखाद-दोन मिनिटे दाखवला तर व्यायाम होतो. आरसा टाकीतच लावून ठेवणे मात्र क्रूरपणा आहे, कारण आरशातला शत्रू कधीच हरत नाही. बरणीतल्या गमतीबद्दल सांगायचे तर, करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये. दोन नर एकमेकांचे जबडे पकडून झुंजतात, श्वासासाठी सुटून पृष्ठभागावर येतात आणि पुन्हा भिडतात. बरणीतून हरणाऱ्याची सुटका नसते.

निवृत्त_मास्तर

फायटरचा विषय निघाला आहे तर एक जोड देतो, जी मूळ प्रश्नालाही लागू पडते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका नराला शेजारच्या दोन नरांचे भांडण काचेतून पाहू दिले. पुढे त्याची त्या दोघांशी गाठ घातली, तेव्हा हरलेल्याकडे तो लवकर आणि बिनदिक्कत गेला, जिंकलेल्याकडे जाताना मात्र त्याने वेळ घेतला. म्हणजे पाहणारा मासा केवळ पाहत नसतो, तो हिशेब ठेवत असतो. शिंपला यांच्या टाकीतले चौघे वनस्पतींमागून जे पाहत आहेत, त्यामुळेच ते प्रत्यक्ष मार न खाताही दबून राहत असावेत.

ओहोटी

मग गप्पी बरे म्हणायचे. त्यांचे भांडण नाही, तंटा नाही.

जलपर्णी

भांडण नाही हे खरे, पण गप्पी माद्यांना विचारून पाहा. नर अंगाला इंग्रजी एस अक्षराचा बाक देऊन मादीसमोर थरथरतो, हे झाले रीतसर प्रियाराधन. ते नाकारले गेले तर तोच नर मागून येऊन, पोटाखालच्या काडीसारख्या झालेल्या पराने (गुदपराने) तिच्या संमतीवाचून काम उरकण्याचा प्रयत्न करतो, आणि हे दिवसभर चालू असते. म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, म्हणजे त्रास वाटला जातो.

नरांच्या नारिंगी ठिपक्यांची गोष्टही रंजक आहे. त्रिनिदादच्या ओढ्यांत जेथे गप्पी खाणारे मोठे मासे आहेत तेथले नर फिके असतात आणि जेथे शत्रू थोडे तेथले भडक असतात. जॉन एंडलर यांनी हे कृत्रिम तळ्यांत पिढ्यान् पिढ्या वाढवून दाखवले आणि १९८० साली प्रसिद्ध केले. माद्यांना भडक नर आवडतो, पण तो शत्रूलाही लवकर दिसतो. डासांच्या बंदोबस्तासाठी महानगरपालिका विहिरींत सोडते त्या गप्पींतही नराचे रंग पाहण्यासारखे असतात.

मुलुंडकर

आमच्याकडे मलावी सरोवरातले म्बुना सिक्लिड आहेत, आणि तेथे नियम उलटा आहे. मासे कमी ठेवले तर एक दादा बाकीच्यांना संपवतो. दाटीवाटीने ठेवले, की कोणा एकावर राग एकवटत नाही. अर्थात फिल्टर दुप्पट ताकदीचा लागतो. नवा मासा सोडताना मी सर्व दगडांची मांडणी बदलतो, म्हणजे जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नवखे ठरतात.

यांची प्रणयाची तऱ्हाही न्यारी आहे. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. ते दाखवत तो थरथरतो, मादी तेही वेचायला जाते आणि त्याच वेळी तोंडातल्या अंड्यांचे फलन होते. वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली या ठिपक्यांना बनावट अंडी म्हटले होते.

मुंबईकरांनी पाण्याकडे मात्र लक्ष द्यावे. भातसा, वैतरणा, तानसा येथून नळाला येणारे पाणी मृदू असते. ते एंजलांना मानवते, पण मलावीच्या माशांना जड आणि अल्कधर्मी पाणी लागते. मी फिल्टरमध्ये पोवळ्यांचा चुरा ठेवतो. क्लोरीन काढणे तर दोघांसाठीही आवश्यक आहे.

पार्लेकर

ज्ञानात भर पडली, परंतु मूळ धागाकर्ते कोठे आहेत? ओठाचे काय झाले?

शिंपला

येथेच आहे, रोज वाचत होतो. ओठ बुरशीविना भरून आला. काच अजून बसवलेली नाही, कारण त्याआधीच काल संध्याकाळी फिल्टरच्या पाइपावर अंडी दिसली. हिरव्या पाइपावर ओळीने चिकटलेले मोहरीपेक्षाही बारीक, किंचित पिवळसर पारदर्शक दाणे. कन्येने पूर्ण वेळ टाकीसमोर बसून पाहिले. तिच्या सांगण्याप्रमाणे दोघेही पाइपाला पोट घासत आळीपाळीने खालून वर जात होते. आता दोघे आळीपाळीने परांनी वारा घालत आहेत. उरलेले चौघे तर दिसेनासेच झाले आहेत.

चेंबूरचा_फायटरवाला

अभिनंदन! फिल्टरचा जोर कमी करा आणि रात्री एक मंद दिवा चालू ठेवा. अंधारात घाबरले तर अंडी खाऊन टाकतात.

जलपर्णी

अभिनंदन. अंडी प्रमाणापेक्षा जास्त वाटतात का? आणि दोघांच्या पोटाखाली जी छोटी नळी बाहेर आली असेल, तिचे टोक नीट पाहून सांगा. नराची नळी बारीक व टोकदार असते, मादीची रुंद व बोथट. ती एरवी दिसत नाही, त्यामुळे आत्ताच पाहावे लागेल.

शिंपला

भिंग घेऊन पाहिले. दोन्ही बोथट आहेत, आणि साधारण सारख्याच रुंद. आज दुसरा दिवस आहे आणि पाइपावरचे जवळजवळ सगळे दाणे पांढरे झाले आहेत. दोघे एकेक पांढरा दाणा उचलून खात आहेत.

जलपर्णी

मग दोन्ही माद्या आहेत. एंजलांमध्ये हे अधूनमधून घडते. दोन माद्या रीतसर जोडी जमवतात, जागा राखतात, ओठ अडकवतात, दोघीही अंडी घालतात आणि दोघी मिळून त्यांची राखण करतात. बाहेरून पाहणाऱ्याला काडीचाही फरक दिसत नाही. अफलित अंडी दोन दिवसांत पांढरी पडतात.

चाळकरी

एवढ्यावर निकाल देऊ नये. पहिल्या खेपेला कोवळ्या नराकडून फलन होत नाही, तेव्हाही अंडी अशीच पांढरी पडतात. पुढची अंडी एक-दोन आठवड्यांत येतील, तोवर थांबावे.

जलपर्णी

अंड्यांपुरते आपले म्हणणे मान्य. पण नळ्या दोन्ही बोथट आहेत, त्याचे काय? कोवळ्या नराचीही नळी टोकदारच असते.

चाळकरी

ते मात्र खरे. माघार घेतो.

शिंपला

सौ.ना कळवले. त्यांनी भांडण म्हटले होते, कन्येने लग्न म्हटले होते. दोघीही आपापला मुद्दा सोडायला तयार नाहीत. आता पुढे काय करावे? बाहेरून नर आणावा का?

मुलुंडकर

आणण्याची घाई करू नका. उरलेल्या चौघांत नर असण्याची शक्यता बरीच आहे; दबून राहिल्यामुळे त्याला पुढे येता आले नसेल. जलपर्णींची काचेची कल्पना घ्या, फक्त वाटणी बदला. त्या दोघींपैकी एकीला उजवीकडे एकटी ठेवा आणि दुसरीला डावीकडे चौघांत सोडा. सोडण्यापूर्वी वनस्पती आणि दगड हलवून मांडणी बदला, म्हणजे ती त्या जागेची मालकीण राहणार नाही. तिची कोणाशी ओढाओढ चालू झाली, तर कोणाशी होते ते पाहा.

पार्लेकर

म्हणजे दोघांना वेगळे करावे हा माझा पहिल्या दिवशीचा सल्ला अखेर मान्य झाला.

खारफुटी

मान्य झाला, पण आपण सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. आणि चौघांना आता मोकळे फिरता येईल, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

शिंपला

ठीक. रविवारी काच कापून आणतो. फिल्टर एकच आहे आणि तो उजवीकडे आहे. मग डावीकडच्या पाण्याचे काय?

मुलुंडकर

काच तळापासून अर्धा इंच वर राहील अशी बसवा आणि वरूनही पाण्याच्या पातळीखाली तेवढीच फट सोडा, म्हणजे पाणी फिरत राहील आणि पूर्ण वाढलेला एंजल त्या फटीतून जाणार नाही. दोन्ही कडांना सक्शन कप लावले तर सिलिकॉनचीही गरज पडणार नाही. डावीकडे एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर टाकला तर अधिक उत्तम; शिवाय पुढे खरोखरच पिल्ले झाली तर ती त्यात ओढली जाणार नाहीत.